काळे, अकरा

ऑर्व्हिल हॅच हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, गोऱ्यांचा विषय निघाला की हिच्या जिभेला धार चढते. ती चढते, नाही कशाला म्हणू? पण हॅच वाईट नव्हता. ओहायो नदीच्या काठी आमच्या हॅरो लँडिंग गावात त्याच्याइतका टापटीप माणूस दुसरा नव्हता. गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत झालेल्या युद्धात त्यानं फारशी बंदूक चालवली नाही. कोठारात बसून ब्लँकेटं आणि बुटांचे जोड मोजले, आणि एकही जोड कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. म्हणून युद्ध संपल्यावर गावानं माजी सैनिकांच्या समितीचं चिटणीसपद त्याच्याच गळ्यात घातलं. दफनभूमीची वहीही तोच ठेवायचा.

१८७२ सालचा मे महिना. तीस तारखेला सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहायचा दिवस, आणि गावात त्याचीच गडबड. अशात एका सोमवारी सकाळी केझाया बोल्डन हॅचच्या कचेरीत आली. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिच्यामागून आलेला दाणेवाला आत जाऊन आला, पाद्रीबाई जाऊन आल्या, बँडवाला तर दोनदा जाऊन आला. केझाया आपली बाकावरच. हे तुम्हाला नवीन नसणार. कचेरी कुठलीही असो, असा एक बाक तिथे असतोच आणि त्यावर कोणी बसायचं हेही ठरलेलं असतं.

दोन तासांनी तिला आत बोलावलं.

"काय गं केझाया, कपडे आज आणलेस? तुझा वार तर गुरुवारचा." हॅचचे सदरे तीच धुवायची. सहा वर्षं त्याची कॉलर तिच्या हातून कडक होत होती.

"कपड्यांचं नाही, साहेब. माझा नवरा कुठे आहे ते विचारायला आले."

हॅचला वाटलं, उन्हात बसून बाईचं डोकं फिरलं. "अगं, तुझा नवरा जाऊन वर्षं झाली ना?"

"सात वर्षं आणि चार महिने. गेला ते मला ठाऊक आहे. कुठे आहे ते विचारतेय. शनिवारपर्यंत माहीत होतं."

मग हॅचच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे तू पाहिलंस तर! अगं, तो मागचा कोपरा बघवत नव्हता. फुटक्या बशा, औषधाच्या बाटल्या, बूड गेलेल्या सुरया, काच नसलेला कंदील. दोन गाड्या भरून कचरा निघाला. झुडपं तोडली, ते वाळकं झाड मुळासकट काढलं, कुंपण चार हात मागे नेलं, जमीन सपाट करून गवताचं बी टाकलं. समितीनं सांगितलं नव्हतं हं, मी आपणहून केलं. म्हटलं, यंदा तुमच्या लोकांनाही नीटनेटकी जागा मिळू दे. मला वाटलं, तू आभार मानायला आलीस."

केझाया उभी होती तशीच उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिनं आवाज चढवलेला आम्ही कोणी कधी ऐकला नाही.

"तो कचरा नव्हता, साहेब. आमच्यात माणूस गेलं की त्यानं शेवटी हाताळलेली वस्तू कबरीच्या उशाशी ठेवतात. आधी तिचं बूड फोडायचं, म्हणजे त्या घरातलं मरण तिथेच थांबतं. रॅन्सम शेवटचं पाणी निळ्या सुरईतून प्याला. मीच पाजलं. ती सुरई होती तिथे."

"असं होय! मला काय ठाऊक? पण नावाच्या पाट्या लावायच्या ना."

"लावल्या होत्या. लाकडाच्या. दोन हिवाळ्यांत कुजल्या. दगड तुमच्या समितीनं टेकडीवरच्या गोऱ्या सैनिकांना दिले. आमच्या अर्जाला उत्तर आलं, पुढच्या वर्षी. अशी पाच पुढची वर्षं झाली. त्या वस्तूंवरूनच आम्ही ओळखत होतो, कोण कुठे आहे ते. दर रविवारी चर्च सुटलं की मी सुरईपाशी जाऊन बसते. आता मी बसू कुठे, साहेब?"

मंडळी, हा प्रश्न नीट ऐका, कारण हॅचनं तो नीट ऐकला नाही. केझाया आणि रॅन्समचा संसार म्हणाल तर चार वर्षांचा. त्यातली दोन नदीपलीकडे केंटकीत, गुलामीत, दोन वेगवेगळ्या मालकांच्या घरी, आठवड्यातून एक रात्र भेट. मग एका हिवाळ्यात नदी गोठली तेव्हा दोघं बर्फावरून चालत इकडे, गुलामी नसलेल्या काठाला आली. तो फौजेत गेला तेव्हा म्हणाला, "बटाट्यांचे दोन वाफे लावून ठेव, खोदायला मी येतो." आला तो मांडीत गोळी घेऊन, हॉस्पिटलच्या बोटीतून. शाळेच्या इमारतीत जखमींना ठेवलं होतं. तिथे सतरा दिवस जगला. तिला त्याची आठवण यायची ती युद्धाची नाही. झोपेत तिच्या पाठीवर पाय टाकायचा, त्या पायाच्या ओझ्याची आठवण यायची. असं ती एकदा माझ्यापाशी बोलली आणि मग महिनाभर माझ्याकडे बघेना, इतकी लाजली. रविवारी त्या कोपऱ्यात बसून ती त्याला आठवड्याची हकिगत सांगायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या सदऱ्यावर शाईचा डाग निघेना, सगळं. एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

"इतकं काय मनाला लावून घेतेस?" हॅच म्हणाला. "माझ्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. आत्ता सांगतो." त्यानं जाडजूड वही काढली. टेकडीवरची पानं आली: नाव, पलटण, मृत्यूची तारीख, जागेचा आकडा, काही काही ठिकाणी तर आईचं नावही. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग त्याचं बोट थांबलं.

केझाया आमच्या चर्चच्या शाळेत तिशीनंतर वाचायला शिकली होती. टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूनं तिनं वाचलं. हॅचच्याच वळणदार अक्षरात एक ओळ होती: मागचा कोपरा. काळे, अकरा.

बस! एवढंच!

"अकरा काय, साहेब?" केझायानं विचारलं. "पोती?"

हॅचनं वही मिटली आणि म्हणाला, समितीच्या बैठकीत विषय मांडतो.

तिथून ती थेट टोबायस ग्रीअरकडे गेली आणि वहीतली ओळ त्याला सांगितली. टोबायस आमचा सार्जंट. रॅन्समच्या तुकडीचा, त्याच बोटीतून त्याच शाळेत आलेला, फक्त हा वाचला. आता मोठ्या रस्त्यावर त्याचं न्हाव्याचं दुकान होतं. आरसे, मखमली खुर्ची, पितळी पिकदाणी. दुकान काळ्या माणसाचं, पण दिवसभर गिऱ्हाईक सगळं गोरं. आमचे केस तो रविवारी आपल्या मागच्या ओसरीत कापायचा. कोणाला ते खटकायचं, पण बोलणार कोण? आमच्यात पक्कं घर बांधलेला तोच एकटा होता.

"केझायाताई, जाऊ दे," तो म्हणाला. "खुर्ची माझी आहे, पण तिच्यात टेकणारी ढुंगणं कोणाची आहेत ते बघ ना. कॅप्टन प्रेंटिस समितीचा अध्यक्ष. तो एक दिवस रुसला, तर दुसऱ्या दिवशी सगळा रस्ता रुसेल."

"टोबायसभाऊ, टेनेसीतल्या त्या किल्ल्याच्या तटावर चढताना 'माझ्या मागे या' म्हणून ओरडला होतास तो तूच ना?"

"मीच."

"रॅन्सम तुझ्या मागे आला. म्हणून तर तो त्या कोपऱ्यात आहे."

टोबायस वस्तरा चामड्यावर घासत राहिला. ती तशीच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवसापासून केझाया रोज सकाळी हॅचच्या बाकावर येऊन बसायला लागली. मागणं नाही, रडणं नाही. बसायची, आणि धुण्याची वेळ झाली की उठून जायची. गुरुवारी त्याचे सदरे नेहमीसारखे कडक इस्त्री करून दिले. मला वाटतं, हॅचला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

शनिवारी कॅप्टन प्रेंटिस दाढीला आला. गळ्याला फडकं, गालभर फेस. हॅच नंबर लावून कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

"काय हॅच, ती धोबीण अजून तुझ्या दारात ठाण मांडून आहे म्हणे?"

"रोज येते, कॅप्टन. काही बोलत नाही."

"कंटाळेल. मिरवणुकीचं मात्र ठरल्याप्रमाणे. आधी बँड, मग आपण, मग टेकडीवर नावं वाचायची आणि जेवण. कोपऱ्यातल्यांना त्यांच्या लोकांनी संध्याकाळी फुलं वाहावीत, आपलं आटोपल्यावर. गर्दी नको. काय टोबायस, बरोबर ना?"

इथे टोबायस "होय साहेब" म्हणायचा. सात वर्षं म्हणत आला होता. त्याचा हात कॅप्टनच्या हनुवटीखाली थांबला.

"एक विचारू, कॅप्टन? हलू नका मात्र. कोपऱ्यातल्यांनी काय कमी केलं?"

"तुम्ही शूर नव्हतात असं मी कधी म्हटलं? पण लढाई आम्ही लढलो, टोबायस. तुम्ही लोकांनी खंदक खणलेत."

"खणले की! आठ महिने खणले. निळा कोट अंगावर चढवला आणि हातात फावडं दिलं. रॅन्सम बोल्डन म्हणायचा, सार्जंट, मालकाच्या शेतातही मी हेच करत होतो, फक्त तिथे बटणं पितळेची नव्हती. बंदुका मागायला गेलो, तर म्हणाले, काळा माणूस पहिल्या गोळीला पळेल. मग टेनेसीत तुमच्या दोन पलटणी तटावरून मागे फिरल्या, तेव्हा कुठे आमची आठवण झाली. मागे फिरल्या म्हणून त्यांना मी हसत नाही हो, ती जागाच तशी होती. समोर चिखल, तोडून आडवी टाकलेली झाडं, वरून गोळ्या. आम्ही शंभर चढलो, चाळीस तिथेच पडले. मागे मोकळं रान होतं पळायला. एकसुद्धा पळाला नाही. तुम्ही सापडला असता तर कैदी म्हणून भाकरी मिळाली असती, कॅप्टन. आम्ही सापडलो असतो तर दोर, नाहीतर पुन्हा मालकाचं दार. हे ठाऊक असून चढलो."

"मी कुठे म्हणतो..."

"हलू नका. वस्तरा आहे." टोबायसचा आवाज आता कापत होता, हात मात्र स्थिर होता. "मालकाकडेही एक वही असायची. मी डोळ्यांनी पाहिलीय. गाई सहा, खेचरं चार, काळे अकरा. नाव कशाला लिहायचं, आकड्यानं काम भागायचं. ती वही जाळायला गेलो होतो आम्ही, कॅप्टन! त्या तटावर दुसरं काय होतं? ती जाळून परत आलो, आणि बघतो तर हॅचसाहेबांच्या वहीत तीच ओळ! अहो, मेल्यावरसुद्धा?"

कॅप्टननं फडकं ओढून काढलं, फेस तसाच पुसला आणि अर्धी दाढी घेऊन मोठ्या रस्त्यानं चालता झाला. सगळ्या गावानं पाहिलं. आम्ही पुढे वर्षभर हसलो त्याला, खोटं कशाला बोलू!

"झालं," टोबायस खुर्चीवर स्वतःच बसला. "गेलं दुकान."

हॅच उठून उभा होता. वर्तमानपत्र पायाशी पडलं होतं. तो म्हणाला, "ती ओळ मी लिहिली तेव्हा माझ्या मनात वाईट काही नव्हतं, टोबायस. कोठारात जसं लिहायचो तसं लिहिलं. मला कधी वाटलंच नाही, की..." त्यानं वाकून वर्तमानपत्र उचललं. "आता जागा कशी शोधायची?"

टोबायसनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सळई लागेल. लांब, लोखंडी. खणलेली माती कितीही वर्षं झाली तरी आतून मऊ राहते. सळई कुठे घुसते ते बघायचं. आणि वही आणा."

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही सगळे तिथे जमलो. कोवळं गवत नुकतंच उगवलं होतं. टोबायस सळई रोवत गेला. कुठे ती हातभर जाऊन अडायची, कुठे लोण्यात गेल्यासारखी खाली जायची. मऊ जागी एक खुंटी. हॅच कोट काढून खुंट्या ठोकत होता. ओळ कसली नव्हतीच. त्या हिवाळ्यात जमीन मिळेल तशी फोडून पुरलेले ते. संध्याकाळपर्यंत अकरा खुंट्या झाल्या. मग टोबायस आठवू लागला, बायाबापड्या आठवू लागल्या. उतारावर डॉर्सी, त्याच्या पायाशी थोरला फिंच. हॅच प्रत्येकाला विचारून लिहीत होता. नाव काय? पलटण कोणती? गाव? मागे कोणी आहे का?

नऊ जागा जुळल्या. दोन उरल्या, अगदी शेजारी शेजारी. एक रॅन्समची, एक अ‍ॅब्सलम यान्सी नावाच्या मिसिसिपीकडच्या माणसाची. दोघं एकाच दिवशी गेले. त्या दिवशी टोबायस तापात होता, आणि पुरताना केझायाला शिपायांनी फाटकातच अडवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला झाडाजवळचा मातीचा ढीग दाखवला, तिथे तिनं सुरई ठेवली. सात वर्षं त्या झाडाला पाठ टेकून बसली. सुरई डाव्या हाताला असायची, एवढं आठवत होतं. पण झाड मुळासकट गेलं, कुंपण सरकलं, तिला डावं कुठलं आणि उजवं कुठलं तेच कळेना. ती एका खुंटीपाशी जायची, उभी राहायची, मान हलवायची आणि दुसरीपाशी जायची. आमच्यानं ते बघवेना.

हॅच हळूच म्हणाला, "उकरून बघता येईल. मांडीच्या हाडावर गोळीची खूण असेल."

"नको," केझाया म्हणाली. "जिवंत होता तोवर त्याला कोणी धड झोपू दिलं नाही. आता उठवू नका."

हॅचनं टोपी काढली. "बोल्डनबाई, मला माफ करा. तुमचं माणूस मी हरवलं."

आमच्या गावात कोणी गोऱ्या माणसानं केझायाला बोल्डनबाई म्हटल्याचं आणि तुम्ही म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती विरघळली नाही मात्र.

"माफीचं मागाहून बघू, साहेब. आधी ती दोन नावं लिहा. जागा ठरली नाही तरी नावं लिहा."

त्यानं लिहिली. ती जुनी ओळ त्यानं खोडली नाही. मी विचारलं तर म्हणाला, राहू दे, माझ्यासमोर राहू दे.

तीस तारखेला मिरवणूक निघाली. समितीनं काही बदललं नव्हतं. आमचे माजी सैनिक निळे कोट घालून शेवटच्या गाडीच्याही मागे, धूळ खात चालत होते. टोबायस सगळ्यात पुढे. टेकडीवर गोरी मंडळी बाकांवर, आम्ही खाली उतारावर उभे. नावं वाचायला हॅच उठला. दरवर्षी तोच वाचायचा, टेकडीवरची चौतीस नावं, आडनावांच्या क्रमानं.

"अँड्र्यूज, जोसाया. बार्लो, नेथन." हॅचनं मान वर केली नाही. "बोल्डन, रॅन्सम."

उतारावर आमच्यातल्या कोणीतरी मोठ्यानं श्वास घेतला.

"ब्रिग्ज, ॲल्बर्ट. डॉर्सी, एलिफलेट..."

वेगळी यादी नाही, शेवटी शेपूट नाही! गोऱ्या ब्रिग्जच्या आधी काळा बोल्डन, काळ्या फिंचच्या मागे गोरा गॅरिसन, जसं आडनाव येईल तसं. बाकांवर कुजबुज सुरू झाली. कॅप्टन प्रेंटिस "हॅच!" असं दबक्या आवाजात म्हणाला. हॅच वाचत राहिला. यान्सीपर्यंत, पंचेचाळिसाव्या नावापर्यंत. ब्रिग्जची म्हातारी आई पुढच्या बाकावर होती. ती काठी टेकून उभी राहिली आणि सगळी नावं संपेपर्यंत खाली बसली नाही. मग एकेक करत आणखी काही उठले. कॅप्टन उठला सर्वांत शेवटी. त्याचं मन पालटलं की लोकलाजेनं उठला, मला सांगता यायचं नाही. दाढीला तो पुढे दोन महिने टोबायसकडे आला नाही, मग आला.

केझाया हे सगळं होताना माझ्या शेजारी होती. रॅन्समचं नाव आलं तेव्हा तिनं माझा हात असा दाबला की संध्याकाळपर्यंत बोटं दुखत होती. आम्ही कोपऱ्यात गेलो तेव्हा तिनं आणलेली फुलं दोन्ही खुंट्यांपाशी सारखी वाटली. आणि त्या दोघांच्या मधे जमिनीवर बसली.

"रॅन्सम, आज तुझं नाव टेकडीवरून घेतलं. ऐकलंस ना?" मग दुसरीकडे वळून म्हणाली, "आणि अ‍ॅब्सलम, तुझंही घेतलं बरं का. तुझ्याकडे कोणी येत नाही, मला ठाऊक आहे. आता मी दोघांनाही सांगत जाईन."

तर मंडळी, मला सांगायचं आहे ते हे. अन्याय करायला राक्षसच लागतो असं समजू नका. हॅचसारखा सरळ, टापटीप, कोणाचं वाईट न चिंतणारा माणूसही तो एका ओळीत करून मोकळा होतो, कारण समोरच्याला नाव आहे हे विचारायचं त्याला सुचत नाही. तुमच्याही हातात कुठली ना कुठली वही असेल. घरात कामाला येणारी बाई असेल, दारात बाकावर बसलेला माणूस असेल. त्याचं नाव विचारा आणि ते आजच विचारा. हॅचनं पुढे आयुष्यभर जमेल ते केलं, दगडही आणवले. दहा वर्षं भांडून आणवले. पण काही गोष्टी उशिरा केल्या की अर्ध्याच होतात.

कोपऱ्यात आता अकरा पांढरे दगड आहेत. दोन दगडांवर दोन्ही नावं कोरलेली आहेत, याच्यावरही आणि त्याच्यावरही. केझायाचे केस पिकले, गुडघे धरले, तरी रविवार चुकत नाही. मागच्या महिन्यात मीच वेड्यासारखं तिला विचारलं, "केझाया, इतकी वर्षं बसतेस, मनातून तरी कळलं असेल ना, यातला तुझा कोणता?"

ती दोन्ही दगडांकडे बघत राहिली.

"नाही गं," ती म्हणाली. "ते तेव्हाच कोणीतरी लिहून ठेवायला हवं होतं."